शुक्रवारी येणारा गोंगाट

ब्लॅक सबाथ ह्या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑझबोर्न गेल्याची बातमी पेपरात आली त्या सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टपाशी गाठले आणि कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर माणसे ज्या सुरात बोलतात त्या सुरात ते म्हणाले, "तुझा तो गायक गेला म्हणे रे. फोटो पाहिला. वाईट झालं. आता ह्या प्रकारात नवीन काही निघायचं नाही." काकांचा वागळे इस्टेटमध्ये पत्रा दाबून तुकडे काढणाऱ्या प्रेस शॉपचा गाळा होता. तो बंद करून त्यांना बरीच वर्षे झाली. माझी त्यांच्याशी ओळख मुख्यतः माझ्या काळ्या टी-शर्टांमुळे आहे, कारण त्यांवरची झाडाच्या मुळांसारखी गुंतलेली बँडची नावे वाचण्याचा प्रयत्न ते दर वेळी करतात आणि दर वेळी अर्ध्यावर सोडून देतात. त्यांना वाईट वाटले होते ते खरेच वाटले होते. मी "हो ना" म्हणालो, लिफ्ट आली, खाली उतरून ते दूध आणायला गेले आणि मी स्टेशनकडे निघालो. मात्र त्यांचे ते शेवटचे वाक्य ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या गाडीत, आणि नंतर ऑफिसात दिवसभर, मला टोचत राहिले.

टोचण्याचे एक कारण अगदी सरळ होते. त्याच आठवड्यात ऐकायच्या राहिलेल्या नव्या अल्बमांची माझी यादी इतकी लांबली होती की मेटलमध्ये नवीन काही निघत नाही ह्या वाक्यावर मी एरवी हसलो असतो. दुसरे कारण इतके सरळ नव्हते. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सबाथचे मूळ चौघे एकत्र आले, ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला तो गेला. त्या मैफलीचे व्हिडिओ पाहताना मला जाणवले होते की मंचावर लागोपाठ येणारे बहुतेक मोठे लोक आता साठीच्या आसपासचे किंवा त्याच्या पुढचे आहेत, आणि जगाला हे संगीत ज्यांच्या नावाने ठाऊक आहे ती नावे एकामागून एक मिटत जाणार आहेत. पेपर वाचणाऱ्या माणसाने त्यावरून "आता संपले" असा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याला हे संगीत दिसते ते केवळ असे कोणी गेल्यावर, आणि तेही एका फोटोपुरते.

इकडे तळघरात, म्हणजे पेपरात न येणाऱ्या छोट्या बँडांच्या अंडरग्राउंड मेटलमध्ये, मात्र दर शुक्रवारी नवे सामान उतरते.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नव्या रेकॉर्डी शुक्रवारी काढायचा रिवाज पडला आणि अंडरग्राउंड मेटलवाल्यांनीही तो पाळला. अल्बम यायच्या दोनतीन महिने आधी त्याचे मुखपृष्ठ येते, ते बहुधा कुणीतरी हाताने रंगवलेले असते आणि त्यात कवट्या, गुहा किंवा अनोळखी ग्रह असतात. मग एक गाणे सोडतात, काही आठवड्यांनी दुसरे. बँडकॅम्प ह्या संगीताच्या ऑनलाइन दुकानात आगाऊ नोंदणी सुरू होते. ह्या दुकानाबद्दल माझे मन थोडे हळवे आहे, कारण तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के दुकान घेते व बाकीचे बरेचसे पैसे बँडच्या किंवा लेबलच्या हाती जातात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने सगळे दौरे बंद पडले तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला हिस्साही सोडून द्यायला सुरुवात केली. नंतर ते दुकान २०२२ मध्ये एकाने आणि २०२३ मध्ये दुसऱ्याने विकत घेतले, तेव्हा आता हेही जाणार म्हणून आम्ही सगळे धास्तावलो होतो. ते अजून आहे. मी बहुतेक वेळा नुसती डिजिटल प्रत घेतो, कारण युरोपातून व्हायनल मागवले तर टपालखर्च आणि कस्टम मिळून रेकॉर्डीपेक्षा महाग पडतात, आणि घरी विचारतात की हे ठेवायचे कुठे.

नवा अल्बम पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकू नये, हे मी अनुभवाने ठरवलेले आहे आणि तरीही शुक्रवारी सकाळी तोच प्रमाद करतो. गाडीचा स्वतःचा खर्जाचा घोष असतो. त्यात बास गिटार पूर्ण बुडते, बेस ड्रमचे नुसते टोक वर राहते, आणि कानात उरतात ती झांजांची सळसळ आणि गुरगुर. शेजारी उभा असलेला कुणीतरी खांद्यावर बॅग टेकवतो. अशा अवस्थेत बनवलेले मत रविवारी दुपारी खिडक्या लावून ऐकल्यावर बहुतेक वेळा बदलते. ब्लड इन्कॅन्टेशन ह्या डेन्व्हरच्या बँडचा 'अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' ४ ऑक्टोबर २०२४ रोजी आला तेव्हा मला नेमके असेच झाले. दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, आणि ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत. टँजरीन ड्रीम ह्या जर्मन सिंथेसायझर बँडमधला एक वादकही त्यात पाहुणा म्हणून आहे. गाडीत मला तो विस्कळीत वाटला होता, कारण डेथ मेटलचा, म्हणजे गुरगुरत्या गायनाच्या आक्रमक मेटलचा, मारा चालू असताना अचानक सगळे थांबते आणि सिंथेसायझरचे लांबलचक, धुक्यासारखे सूर सुरू होतात. गाडीच्या आवाजात ते धुके ऐकूच आले नव्हते. घरी ऐकल्यावर दोन्ही पात्यांमधला सांधा ऐकू आला. काही ठिकाणी तो अजूनही मला कच्चा वाटतो, विशेषतः पहिल्या रचनेत, जिथे एक दार लावून दुसरे उघडल्यासारखे होते. दुसऱ्या रचनेत ती धांदल नाही. त्या वर्षीचा सर्वांत थोर अल्बम म्हणून त्याचा जो जयघोष झाला तो मला जरा चढ्या आवाजातला वाटला, पण तो मी अजून ऐकतो, आणि एवढ्या गर्दीत एखादा अल्बम वर्षभरानंतरही ऐकला जाणे हे थोडे नाही.

त्याच महिन्यात ओक्लाहोमा सिटीच्या चॅट पाइलचा 'कूल वर्ल्ड' आला. ह्या बँडचा आवाज मला आधीच्या, २०२२ च्या 'गॉड्स कंट्री'पासून अस्वस्थ करत आला आहे. त्यात बेघर माणसांबद्दलचे एक गाणे आहे. गायक ते गात नाही, चिडून प्रश्न विचारतो आणि विचारताना त्याचा आवाज फाटत जातो. मागे गिटार आणि ड्रम एकाच जागी पाय रोवून हाणत राहतात. राक्षस, प्रेते आणि कृष्णविवरे ह्यांची ज्या कानांना सवय झाली आहे, त्यांना हे साधे वास्तव फार जड जाते. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालून मी रिक्षाने जात होतो आणि हे गाणे लागले. त्या पुलाखाली रस्त्यावरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा भरते, हे ठाणेकरांना सांगायला नको. सिग्नल सुटेपर्यंत मी हेडफोन काढून हातात धरला. संगीत बंद करण्याचे ते कारण योग्य होते की नव्हते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या वेळी ही सगळी आवक एकाच दिशेने होती. कॅसेटची कॅसेटवर कॉपी, त्या कॉपीची पुन्हा कॉपी, आणि प्रत्येक पायरीला झांजा थोड्या आणखी बोथट. वर्षातून एकदा इंडिपेंडन्स रॉकसाठी रंगभवनला जायचे, म्हणजे ठाण्याहून व्हीटीला उतरून धोबी तलावापर्यंत चालायचे, उघड्यावर, घामाने चिंब, ज्यांचे अल्बम कुठेच मिळत नाहीत असे बँड ऐकायचे आणि शेवटची गाडी धरायला परत पळायचे. १९८६ मध्ये सुरू झालेला तो उत्सव आमच्या पिढीची शाळाच होता. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला आवाज बंद झाला. आजूबाजूला रुग्णालये आहेत, त्यामुळे नियम चुकीचा होता असे मला म्हणवत नाही, आणि ती जागा गेली ह्याचे दुःखही जात नाही. आज मुंबईतच ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी नावाचे लेबल आहे आणि ते नॉर्वेच्या डिस्कॉर्ड, न्यू जर्सीच्या रेप्लिकंट अशा बँडांचे अल्बम काढते. रेप्लिकंटचा २०२४ चा 'इन्फिनिट मॉर्टॅलिटी' हा वाकड्यातिकड्या, अडखळत धावणाऱ्या डेथ मेटलचा अल्बम आहे. तो अमेरिकेत वाजवला गेला, मुंबईच्या लेबलने काढला आणि जगभरच्या लोकांनी विकत घेतला, ह्या गोष्टीचा मला जो अभिमान वाटतो तो अगदी पोरकट आहे. असू दे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी काका सोसायटीच्या सभेचे कागद द्यायला घरी आले. आत गिटारचा घरघराट चालू होता. मी आवाज कमी करू लागलो तर म्हणाले, राहू दे, मीही सगळं आयुष्य अशाच आवाजात काढलं. मग मी त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. तो ब्लॅक सबाथचा गिटारवादक. सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. कामाचा शेवटचाच दिवस होता. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून ह्याला तिथे उभे केले, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायची बोटे तीच. मला वाटले होते की काका हळहळतील. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारले, "प्रेस कुठली होती? गार्ड नव्हतं?" मला ते ठाऊक नव्हते. "आमच्याकडे एकाची दोन बोटं गेली," ते म्हणाले, "त्यानंतर मी सगळ्या मशीनला दोन हातांची बटणं लावली. दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम खाली येतच नाही. आधी लावायला हवी होती." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, "पुढे त्यानं काय केलं?"

पुढे त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. साध्या तारा दाबताना दुखे, म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. त्याही जड जात, तेव्हा त्या उतरवून सैल केल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे, आणि तिथून जो खोल, लोंबता, जड आवाज निघाला तो आजच्या डूम आणि स्लज ह्या संथ, जड प्रकारांतल्या प्रत्येक अल्बमाच्या मुळाशी आहे. हे सगळे ऐकून काका एवढेच म्हणाले, "म्हणजे टूलिंग स्वतःचं स्वतःच केलं."

मग मला राहवले नाही. मी त्यांना गॉडफ्लेशच्या २०२३ च्या 'पर्ज'मधला तुकडा ऐकवला. हाही बर्मिंगहॅमचाच बँड. त्यात ड्रमवर माणूस नसतो, यंत्राचे ठोके असतात आणि त्यांवर गिटारचा पत्रा घासत राहतो. काकांनी डोळे मिटले. मला वाटले की आता उठून जातील. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर पडत होता. "ही जड प्रेस नाही," ते म्हणाले, "हलकी आहे, दहावीस टनाची. स्ट्रोक जास्त आहेत." पुढे एके ठिकाणी ठेका किंचित बदलला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. तो बदल मला स्वतःला तिसऱ्याचौथ्या ऐकण्यात सापडला होता.

"सगळं एकसारखंच वाटतं" ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि तिला माझ्याकडे कधी चांगले उत्तर नव्हते. काकांकडे निदान पत्र्यापुरते होते. एकाच डायमधून, म्हणजे साच्यातून, दिवसभर एकसारखे तुकडे पडतात, ते सांगत होते, पण कडेवरून बोट फिरवले की कळते, डाय बोथट होऊ लागली आहे की नुकतीच धार लावली आहे. अंडरग्राउंड मेटलचे नवेपण बहुतेक वेळा अशा कडेवरच असते. स्वीडिश डेथ मेटलचा तो करवतीसारखा गिटारचा आवाज घ्या. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ब्ड ह्या बँडने १९९० मध्ये आलेला 'लेफ्ट हँड पाथ' मुद्रित केला तेव्हा गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या बॉस कंपनीच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणे पूर्ण फिरवून तो काढला होता. १९९१ मध्ये ते पेडल बनणे बंद झाले, २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती बाजारात आली, आणि आता तो आवाज ज्याला हवा त्याला दुकानात मिळतो. परिणाम असा की दर महिन्याला तसल्याच अल्बमांची रास लागते. आवाज अचूक, गाणी विसरण्याजोगी. मी ते सगळे ऐकतो आणि वैतागतो. मग त्या राशीतून कधीतरी एक असा निघतो की ज्यात रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, एका मात्रेने उशिरा वळते आणि मान आपोआप वर येते. बंगळूरच्या क्रिप्टोसचा २०२४ चा 'डेसिमेटर'ही असाच. हेवी मेटल तेच, ऐंशीच्या दशकातले, त्यात शोध कसलाच नाही, पण जुळ्या गिटारींच्या ओळी इतक्या नीट घासूनपुसून बसवल्या आहेत की शोधाची आठवण होत नाही. उलट मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार' मी आदराने ऐकतो, प्रेमाने नाही. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणे द्यायचे ही कल्पना मोठी आहे, आणि वराह, नरसिंह हे तर डेथ मेटलचेच विषय आहेत. मात्र काही गाण्यांत मला विषय आधी ऐकू येतो आणि रिफ नंतर.

सगळे काही कडेवरच असते असेही नाही. सिअॅटलच्या बेल विचने २०१७ मध्ये 'मिरर रीपर' काढला. त्यात मुख्यतः बास आणि ड्रम, ८३ मिनिटांची एकच रचना, आणि ती बँडच्या आधीच्या ड्रमवादकाच्या मृत्यूनंतरची. तिच्यात त्या गेलेल्या माणसाचा पूर्वी मुद्रित केलेला आवाजही येतो. हा अल्बम काकांना ऐकवायचे धाडस मी अजून केलेले नाही.

वागळे इस्टेटमध्ये काकांचा गाळा होता त्या बाजूला आता काचेच्या इमारती आणि बँक्वेट हॉल झाले आहेत, पण मागच्या गल्ल्यांत जुने गाळे शिल्लक आहेत, आणि त्यांतल्या एकात चार मुले सरावाला जमतात. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आहेत, पंखा लावला की मायक्रोफोनमध्ये येतो म्हणून बंद, आणि बाहेर पावडर कोटिंगचा वास. एकजण ऐरोलीला नोकरीला, एकजण शिकवण्या घेतो, एकाची रात्रपाळी. ड्रमवादक नेरूळहून येतो. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले तेव्हा गर्दीत अडकून तो सरावाला पोहोचलाच नव्हता, आणि ते त्याला अजून ऐकवले जाते. त्यांचा पहिला अल्बम होतो आहे. ड्रम मुद्रित झाले, गिटारी जवळजवळ झाल्या, गायन राहिले आहे. मुखपृष्ठ ठरलेले आहे, बँडचे नाव अजून नाही. निम्म्या नावांवर परदेशातला कुठलातरी बँड आधीच बसलेला असतो.

त्यांनी मला एक गाणे ऐकवले, सात मिनिटांचे, संथ. पहिली रिफ मी शंभरदा ऐकलेली आहे आणि त्यांनाही ते माहीत आहे. चौथ्या मिनिटाला ड्रम अर्ध्या लयीत जातात, गिटार मात्र जुनीच लय धरून राहते, आणि दोघांमध्ये एक फट पडते. ती फट मला फार आवडली. पण शेवटच्या दीड मिनिटात ते पुन्हा पहिल्या रिफवर येतात आणि वाढत्या आवाजात तीच वाजवत राहतात. तेवढे काढून टाका, गाणे फटीतच सोडा, असे मी म्हणालो. गिटारवाल्याला ते पटले, ड्रमवादकाला मुळीच नाही. त्याचे म्हणणे असे की प्रत्यक्ष कार्यक्रमात लोक नेमके तिथेच मान हलवतात, ते काढले तर पुढे उभ्या असलेल्यांनी काय करायचे? माझ्याकडे उत्तर नव्हते, मला फक्त ते दीड मिनिट नको होते. मग त्यांचा वाद लांबला आणि अल्बम दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी काढायचा की नंतरच्या, ह्यावर गेला. आधी काढला तर फराळात आणि फटाक्यांत कोण ऐकणार, असे एकाचे मत पडले. फटाक्यांत आपला अल्बम कमी आवाजाचा वाटेल ही दुसऱ्याची खरी चिंता होती, आणि त्यावर मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज किती चढवायचा ह्याची चर्चा मी निघालो तरी चालूच होती.